मदत हवी आहे: एकाच पेशंटचे दोन-तीन नोंदणी क्रमांक एकत्र कसे करावेत?

तालुक्याच्या गावातल्या ३० खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये मी रेकॉर्ड सांभाळते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव इंग्रजीतच टाकावं लागतं. ज्ञानेश्वर कोणी 'डी'पासून लिहितं, कोणी 'जी'पासून. शोधून सापडलं नाही की नवीन केस उघडली जाते. एका आजींची पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या क्रमांकावर नोंदलेली आणि ॲडमिशन नव्या क्रमांकावर, हे पाहिल्यापासून धास्तीच बसली आहे.

मोबाइल नंबरावरून जुळवून पाहिलं, पण अख्ख्या घराचा नंबर एकच असतो. जन्मतारीखही कामाची नाही; बऱ्याच वृद्धांच्या आधारवर १ जानेवारी किंवा नुसतं सालच आहे. एक्सेलमध्ये नाव, वय, गाव लावून संशयित जोड्यांची यादी केली आहे आणि ती कागदी केसपेपरशी ताडून बघतेय. आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक, थोड्याच जणांकडे आहे, आणि तो ऐच्छिक असल्यामुळे सक्ती करता येत नाही.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात, एकत्र करायची सोय नाही, जास्तीची नोंद डिलीट करा. ते डॉक्टरांना आणि मलाही मान्य नाही. जुन्या रिपोर्टवर जुनाच क्रमांक छापलेला आहे. डेटाबेस मायएसक्यूएल, सर्व्हर इथेच, रोज रात्री बॅकअप होतो. पेशंटची माहिती बाहेरच्या वेबसाइटवर टाकायची नाही.

जुना क्रमांक शोधता येईल असा ठेवून दोन्ही नोंदी जोडायचं काम कुणी केलं आहे का? आणि आभा जोडणी त्याआधी करावी की नंतर?