वडिलांची पुंजी त्यांच्या उतारवयात कशी सांभाळावी?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे असून ठेवींचे सर्व व्यवहार आजवर त्यांनीच पाहिले, गेल्या महिन्यात मात्र धनादेशावरील त्यांची सही बँकेतील नमुन्याशी जुळली नाही आणि तेव्हापासून आईला काळजी लागून राहिली आहे. पुंजी सुरक्षित राहावी आणि त्यांचा मानही दुखावू नये, यासाठी सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १ : मृत्युपत्राआधी मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा, विचार करावा, असे मला मनापासून वाटते. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. स्मृती क्षीण होत जाते ती मधली वर्षे त्यात येतच नाहीत. शिवाय साधे मुखत्यारपत्र अनेक देशांत, ते देणाऱ्याची निर्णयक्षमता संपताच निष्प्रभ ठरते, म्हणून त्यानंतरही टिकणारी कोणती कायदेशीर तरतूद उपलब्ध आहे हे वकिलांना लवकर विचारावे, कारण सही करताना वडिलांना त्या कागदाचा अर्थ नीट समजत असणे आवश्यक असते.

प्रतिसाद २ : सहमत आहे, मात्र महागाई विसरू नये. ७२ ला महागाईच्या वार्षिक दराने भागले की खर्च दुप्पट होण्याची वर्षे अंदाजे मिळतात, म्हणजे ६ टक्के महागाईत आजचा घरखर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. आईंच्या वाट्याला ती वर्षे एकटीने काढण्याची वेळ येऊ शकते, हे धरूनच हिशेब मांडावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. काल विषय काढताच वडिलांनी स्वतःहून जुनी वही आणली. त्यातील दोन खाती आईला ठाऊकच नव्हती. वकिलांची वेळ घेतली आहे.