पोरं परदेशात आणि तिथे गडबड : तुमचे अनुभव सांगा

माझी भाची ढाक्यात एमबीबीएस शिकते. जुलै २०२४ मध्ये तिथे नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून आंदोलन पेटलं, १८ तारखेला इंटरनेट गेलं, दुसऱ्या रात्री संचारबंदी लागली. बहीण व्हॉट्सअ‍ॅपवर 'बाळा, कुठे आहेस' लिहीत राहिली, एकाही मेसेजला दुसरी टिक येईना. चौथ्या दिवशी फोन आला तो आगरतळ्यातून, कुणा अनोळखी माणसाच्या मोबाइलवरून. आखाउराच्या सीमेवरून पोरी इकडे आल्या होत्या. पहिलं वाक्य होतं, "मावशी, आईला सांग, माझा चार्जर हरवलाय."

मधल्या चार दिवसांत आम्ही नातेवाइकांनी खूप धावपळ केली. आता मागे वळून बघताना वाटतं, त्यातली निम्मी नुसती आमच्या जिवाच्या समाधानासाठी होती. म्हणून हा धागा. अशा वेळी लांबून काय केलं तर खरंच उपयोग झाला आणि काय केलं तो नुसता गोंधळ ठरला? आई-वडील, विद्यार्थी, कॉलेजातले लोक, सगळ्यांनी लिहा. कॉलेजचं किंवा एजंटाचं नाव मात्र नको.

लातूरचे बाबा

आमचं लेकरू युक्रेनमधल्या खारकीवला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतं. १५ फेब्रुवारी २०२२ ला दूतावासाचा सल्ला आला, राहणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघा. विद्यापीठ म्हणे वर्ग ऑफलाइनच, गैरहजेरी लागेल. एजंटाला विचारलं तर, "सर, दरवर्षी असंच बोलतात." तिकिटाचे भाव भडकलेले. आम्ही थांबायचं ठरवलं. तो निर्णय माझा होता, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

२४ तारखेला आपल्याकडे सकाळचे साडेआठ, तिकडे पाच. "पप्पा, आवाज येतायत." पुढचे दिवस मेट्रोच्या स्टेशनात. मी टीव्हीसमोर बसून त्याला फोनवर सांगायचो, इकडे रणगाडे आले, तिकडे पूल उडवला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पप्पा, बातम्या नका सांगू. माझी बॅटरी खाताय तुम्ही." लागलं मनाला. पण मग ठरवलं, सकाळ-संध्याकाळ आठ वाजता त्याने एकच शब्द पाठवायचा, 'आहे'. बाकीचं आम्ही इकडून बघायचं. बायकोने दोनशे पानी वही काढली. त्याच्या हॉस्टेलातली लातूर, नांदेड, बीडची चौदा पोरं, पासपोर्ट नंबर, रक्तगट, घरचा फोन. दूतावासाची सूचना आली की ती खरी का खोटी हे चार बापांनी मिळून तपासायचं आणि मगच एका ओळीत तिकडे पाठवायचं. त्या दिवसांत खोट्या सूचनांचाही सुळसुळाट होता. 'अमुक स्टेशनावर भारतीयांसाठी खास गाडी' वाचून दोन पोरं बाहेर पडली आणि रिकाम्या हाताने परत आली.

१ मार्चला तिथे कर्नाटकातलं एक लेकरू गेलं. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. २ मार्चला दूतावासाचं फर्मान निघालं, खारकीव ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये नाहीतर बेझल्युदिव्का गाठा. पेसोचिन ११ किलोमीटर. गाड्या नाहीत, रस्त्यावर बर्फ. चालता चालता ओझं नको म्हणून पोरांनी पुस्तकं टाकली, कपडे टाकले. आमच्याने शेंगदाण्याच्या चटणीची बरणी तेवढी ठेवली. बस येईपर्यंत चौदा जण पाव आणि ती चटणी खाऊन राहिले.

घरी आला तेव्हा गावाने हार घातले, सत्कार केला. सगळ्यांना वाटलं, झालं एकदाचं. पण खरी कटकट पुढेच होती. मूळ कागदपत्रं तिकडच्या डीनच्या कचेरीत. आपल्याकडच्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमानुसार सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेत पुरा व्हायला हवा, म्हणजे दुसरीकडे जाता येईना. ६ सप्टेंबर २०२२ ला कमिशनने तात्पुरतं दुसऱ्या देशात शिकायला हरकत नाही म्हणून कळवलं, पदवी मात्र युक्रेनच्याच विद्यापीठाची. तो जॉर्जियाला गेला. जाताना आम्ही प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, फीची पावती, हजेरीचा दाखला स्कॅन करून तिघांच्या मेलवर ठेवला. सगळ्या पालकांना हेच सांगतो, कागद शांततेच्या काळातच गोळा करा.

नागपूरची आई

बाबा, तुमची पोस्ट वाचून रडू आलं. आमच्याकडे बॉम्ब नव्हते, नुसतं थांबणं होतं. लेक चीनमध्ये मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला. जानेवारी २०२० मध्ये तिकडच्या नववर्षाच्या सुटीला पंधरा दिवसांसाठी आली ती कोविडमुळे पावणेतीन वर्षं इथेच. चीनने विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू केले ते ऑगस्ट २०२२ अखेरीस.

तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेपाच. रोज साडेपाचला लॅपटॉप उघडायची, मागे दूधवाल्याची घंटा, समोर पडद्यावर शवविच्छेदन. एकदा म्हणाली, "आई, मी आजवर एकाही माणसाच्या पोटाला हात लावलेला नाही आणि चौथ्या वर्षाला आहे." मी तेव्हा काय केलं? समजूत घातली, 'होईल गं सगळं'. आता वाटतं, तेच चुकलं. तिला सांत्वन नको होतं, कुणीतरी तिच्यासोबत बसून नियम वाचायला हवे होते. ते माझ्या धाकट्या दिराने केलं, तो वकील. ऑनलाइन शिकलेलं इथे धरत नाहीत हे त्याने तिला स्पष्ट सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी परत जायची यादी करायला बसली.

बिश्केकचा पोरगा (मूळ गाव मालेगाव)

१७ मे २०२४ ची रात्र, किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक. परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव येत होता. आम्ही सहा जण भाड्याच्या फ्लॅटमध्ये, दिवे बंद, दाराला कपाट लावलेलं. घरून पन्नास कॉल, त्यातले चाळीस 'व्हिडिओ बघितला का' विचारायला. काका-मामांनो, आम्ही त्या व्हिडिओच्या आतच होतो!

खरी मदत खालच्या मजल्यावरच्या एजेने केली. तिकडे मोठ्या बाईला एजे म्हणतात, आपली ताई किंवा काकू. सकाळी ब्रेड आणि अंडी आणून दिली आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, बाहेर नका जाऊ, मी आणते काय हवं ते. आम्ही तिथे दोन वर्षं राहत होतो, जिन्यात भेटली की नुसतं मान हलवायचो. नंतर वर्ग ऑनलाइन झाले, मी घरी आलो. परत गेलो तेव्हा आईने तिच्यासाठी पैठणीच्या कापडाची पर्स दिली.

ठाण्याहून

आमचा अनुभव यांच्यापुढे काहीच नाही, पण लिहिते. मुलगी इंग्लंडमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाला. एप्रिल २०२३ पासून तिथल्या प्राध्यापकांच्या संघटनेने पेपर तपासण्यावर बहिष्कार टाकला होता, तो सप्टेंबरपर्यंत चालला. आम्ही दोघं सुटी काढून पदवीदानाला गेलो. झगा, टोपी, फोटो, हातात गुंडाळी. उघडली तर आत शुभेच्छांचा कागद. दोन विषय तपासायचेच राहिले होते! नवरा म्हणाला, "आपल्याकडे निकाल लागला नाही तर निदान जेवण तरी ठेवत नाहीत."

हसलो, पण निकालाशिवाय पुढचा व्हिसा कसा मिळणार, हा घोर होता. तिने संघटनेला शिव्या दिल्या नाहीत, याचं आश्चर्य वाटलं. म्हणाली, ज्या बाईंनी माझा प्रबंध दहा वेळा वाचला त्यांचा पगार कापलाय. विभागाच्या सचिव बाईंनी 'अभ्यासक्रम पूर्ण, निकाल प्रलंबित' असं सहीशिक्क्याचं पत्र दिलं, त्यावर नोकरीवाले थांबले.

प्रभात रोडची यजमान आई

सगळे पोरं बाहेर जाण्याबद्दल लिहितायत, मी उलट्या बाजूने लिहिते. आमच्याकडे बारा वर्षं अमेरिकन मुली राहायला यायच्या, एकेका सत्रासाठी. पुण्यात शिकायचं आणि मराठी घरात राहायचं.

त्यांना 'बंद' हा शब्द शिकवणं हे पहिलं काम. दुकानाच्या दारावरचा बंद आणि ३ जानेवारी २०१८ चा महाराष्ट्र बंद यातला फरक कुठल्या शब्दकोशात सापडणार? त्या दिवशी आमच्याकडची मुलगी सकाळी सायकल काढून निघाली होती, 'पण कॉलेज तर चालू आहे ना' म्हणत. मी फाटकाला कुलूप घातलं. रुसली. संध्याकाळी बातम्या बघताना जवळ येऊन बसली, मग तिला कोरेगाव भीमाबद्दल सांगितलं, जेवढं मला नीट सांगता आलं तेवढं. ते तिच्या कुठल्या तासाला झालं नसतं.

मार्च २०२० ची मुलगी मात्र विसरता येत नाही. ९ तारखेला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, आठवडाभरात तिच्या कॉलेजने सगळ्यांना परत बोलावलं. मध्यरात्रीची टॅक्सी मुंबईला. ती भांड्यांच्या नावांची वही करत होती, चित्रं काढून : सांडशी, झारा, पोळपाट, रोवळी. वही अर्धीच झाली होती. बॅग भरताना तिचं एकच, "आई, माझं सेमिस्टर गेलं." आमच्या संयोजक बाईंनी त्या रात्री सगळ्या घरांत फोन केले. धीर वगैरे दिला नाही. प्रत्येकीला एवढंच सांगितलं, तुझे क्रेडिट जाणार नाहीत, सर ईमेलवर शिकवतील, उरलेला प्रकल्प घरून कर. एवढं ऐकल्यावर पोरगी जेवली. राहिलेली भांडी तिने पुढे व्हिडिओ कॉलवर काढली. मी स्वयंपाकघरात फोन धरून उभी आणि ती तिकडून, "आता ती खालची, काळी."

जर्मनीतून

मी इथल्या एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागात काम करते, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेचालकांनी सहा दिवसांचा संप पुकारला, परीक्षा तोंडावर. तेव्हा आम्ही शिकलो की मेलमध्ये तीनच गोष्टी लिहायच्या : आत्ता काय ठरलंय, काय ठरायचंय, पुढची मेल किती वाजता. आणि त्या वेळेला मेल जायलाच हवी, सांगण्यासारखं काही नसलं तरी. उशीर झाला की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आमच्या नावाने अफवा तयार!

पालकांसाठी एक. भारतातून घाबरलेले फोन येतात, 'माझा मुलगा उचलत नाही, तो ठीक आहे का?' मला माहीत असतं, तो ठीक आहे, कधी कधी तर समोरच बसलेला असतो. पण इथल्या खासगी माहितीच्या कायद्यामुळे मला सांगता येत नाही, तो सज्ञान आहे. फार वाईट वाटतं. मुलाने आधीच लेखी संमती देऊन ठेवली असेल तर अडचण येत नाही. शिवाय आपल्या परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा म्हणावं, त्याला पाच मिनिटं लागतात.

नागपूरची आई

धाकटा पुढच्या महिन्यात जर्मनीला चाललाय. ते संमतीपत्र जर्मनमध्येच लागतं का? मी आजच करून ठेवते.

जर्मनीतून

आमच्याकडे इंग्रजी चालतं, ताई. पण ते त्याला करू दे. सही त्याची लागते आणि कुणाला काय सांगायचं हेही त्यानेच लिहायचं असतं. आमच्याकडे एकाने लिहिलं होतं, 'आजारी पडलो तर सांगा, नापास झालो तर नको.'