अपडेटनंतर फोनमध्ये घुसलेलं एआय बंद कसं करायचं? अण्णांच्या नावानं त्यानंच सौदा करून टाकला

हळदीचा_हिशोब (सांगली)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे आणि रागात लिहितेय, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

आमचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. सासरे म्हणजे अण्णा, वय ७३, अजून रोज सकाळी गादीवर जाऊन बसतात, बिलं आणि टॅली मी बघते. अण्णांना फोनचे उपयोग दोनच, एक बोलणं आणि दुसरं आलेला भाव वाचून त्याला उत्तर देणं. मागल्या आठवड्यात रात्रीतनं फोन आपोआप अपडेट झाला आणि सकाळी उठून बघतो तर निम्म्या गोष्टी जागेवर नाहीत. पॉवरचं बटण दाबून धरलं की फोन बंद व्हायचा, आता खालनं रंगीत पट्टी वर येते आणि एक बाई इंग्रजीत विचारते काय मदत करू. अण्णा तिला म्हणाले, "बंद हो बाई." तिनं हवामान सांगितलं.

इथपर्यंत आम्ही हसलो. पण परवा काय झालं, आमची स्वतःची ६० पोती राजापुरी हळद गोडाऊनला पडून आहे, त्याला बाहेरच्या एका व्यापाऱ्यानं १४,२०० चा भाव टाकला. अण्णांच्या मनात साडेचौदाच्या खाली द्यायचं नव्हतं. मेसेज आला की आता खाली तीन तयार उत्तरं येतात, "ओके", "डन" आणि "थँक्यू", आधी असलं काही नव्हतं. अण्णांना चष्मा नव्हता, त्यांना वाटलं मेसेज उघडायचं बटण असेल, बोट पडलं "डन" वर आणि गेलं की ते! पाच मिनिटात तिकडनं विचारणा, गाडी कधी भरताय.

फरक क्विंटलला तीनशेचा, त्यात काय कुणी बुडत नाही. पण अण्णा ४५ वर्षं यार्डात आहेत आणि त्यांच्याकडं शब्द गेला की गेला. अण्णा तर त्याच भावात द्यायला निघाले होते, मीच फोन करून खरं काय ते सांगितलं, तो माणूस हसला आणि सोडून दिलं. तरी अण्णा दोन दिवस फोनला हात लावेनात. म्हणाले, आमच्या वडलांच्या काळात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, शेजारी उभ्या माणसाला कळायचं नाही, आता तिसरा माणूस फोनातच येऊन बसलाय आणि तो माझ्या तोंडानं बोलतोय.

तर मला सांगा, ते बटण परत पहिल्यासारखं कसं करायचं, ती तयार उत्तरं कशी घालवायची, आणि कीबोर्डवर एक चांदणी चमकत असते ती जाते का. आणि मुख्य म्हणजे हे आपले सगळे मेसेज वाचतंय का? नवरा म्हणतो सवय होईल, सगळ्यांचंच असं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागं एका फोनच्या धाग्यावर इथं तीन दिवस भांडणं चालली होती.

पोवईनाका_मोबाईल (सातारा)

वहिनी, दुकानात रोज चार तरी माणसं हेच घेऊन येतात, त्यातली दोन फोन बिघडला म्हणूनच आणतात कारण बंदच होत नाही म्हणे.

बटणाचं सोपं आहे. सेटिंग उघडा, वर शोधायची जागा असते तिथं "पॉवर बटण" टाका, काही फोनात "साइड बटण" म्हणतात. दाबून धरल्यावर काय व्हावं ते तिथं निवडता येतं, असिस्टंट काढून पॉवर मेन्यू करा, झालं. तोवर फोन बंद करायचा असला तर बऱ्याच फोनात पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबलं की मेन्यू येतो.

तयार उत्तरं दोन ठिकाणी असतात आणि लोक एकच बंद करून मला शिव्या घालतात. एक फोनच्या नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये, सुचवलेली उत्तरं असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि दुसरं त्या मेसेजच्या ॲपच्या आत. दोन्हीकडं जाऊन बंद करा. चांदणी कीबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मिळेल, पण ती सगळ्या कीबोर्डात जात नाही. ही चांदणी आता सगळ्याच कंपन्यांनी उचललीय, जिथं दिसेल तिथं एआय आहे असं समजायचं, पूर्वी यष्टीचा लाल डबा लांबनं ओळखू यायचा तसं.

मेसेज वाचतंय का, तर थोडं नीट समजून घ्या कारण यावर लई अफवा फिरत्यात. नोटिफिकेशनखाली येणारी असली उत्तरं साधारण फोनच्या आतच तयार होतात, बाहेर जात नाहीत. व्हॉट्सॲपचं विचारत असाल तर तिथलं मेटा एआयचं (मेटा म्हणजे व्हॉट्सॲपची मालक कंपनी) निळं गोल आपल्याकडं जून २०२४ पासनं यायला लागलं, ते काढून टाकायची सोय नाही हे खरं. पण घरच्यांचे मेसेज एन्क्रिप्टेडच, म्हणजे तिसऱ्याला वाचता न येणारे, राहतात, आपण त्याला जे विचारतो किंवा गप्पांत त्याला हाक मारून जे दाखवतो तेवढंच त्याच्याकडं जातं. एप्रिल २०२५ मध्ये ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी नावाचा पर्याय आलाय, चॅटच्या किंवा ग्रुपच्या नावावर टिचकी मारली की खाली सापडेल, तो चालू केला की त्या ग्रुपात कुणाला एआयला बोलवता येत नाही आणि चॅट एक्स्पोर्टही करता येत नाही. व्यापाऱ्यांच्या ग्रुपला लावून टाका.

आणि पुढचा अपडेट आला की हे सगळं परत एकदा तपासा.

कुणाची_गं_तू (कराड)

बंद हो बाई म्हटलं आणि तिनं हवामान सांगितलं, मेलो हसून. आमच्या आज्जीनं तिला विचारलं, "कोण गं तू, कुणाची?" ती म्हणाली मी एआय आहे. आज्जी म्हणते, "ते झालं, माहेर कुठलं?"

माजी_हेडक्लार्क (इस्लामपूर)

कारखान्याच्या ऑफिसात ३१ वर्षं काढली, तेव्हा हे पहिल्यांदा होतंय असं समजू नका. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये डोळे असलेली यू-पिन होती, पत्र लिहायला बसलं की टुणकन येऊन विचारायची पत्र लिहिताय वाटतं. जगभर शिव्या खाल्ल्या तिनं. शेवटी २००१ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं ती बंद करूनच दिली, आणि वर तिची चेष्टा करून जाहिरातही केली.

तेच आत्ताचं बघा. मे २०२४ मध्ये रिकॉल म्हणून जाहीर केलं, कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार आणि नंतर तुम्ही विचारलं की शोधून देणार. म्हणजे बँकेचं पान उघडलं तर त्याचाही फोटो! एवढा आरडाओरडा झाला की महिन्याभरात पुढं ढकललं, आणि एप्रिल २०२५ ला आलं ते आपण होऊन चालू केलं तरच चालू होईल असं करून. ऑस्ट्रेलियात तर कोर्टात गेलं. ऑफिसच्या वर्गणीत कोपायलट नावाचं आपलं एआय घालून भाव वाढवला, १०९ डॉलरचे १५९ केले, आणि एआय नसलेला जुना स्वस्त प्लॅन शिल्लक होता तो लोकांना नीट सांगितला नाही असं तिथल्या ग्राहक आयोगाचं म्हणणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये खटला भरला, पुढच्याच महिन्यात कंपनीनं माफी मागून पैसे परत द्यायची तयारी दाखवली. जुना प्लॅन कुठं दिसायचा, तर वर्गणी रद्द करायला निघालं की. आपल्या भाजीवाल्याचं कसं, आपण चार पावलं पुढं गेलो की मग "या की ताई, दहाला घ्या".

ओरडलं की ऐकतात. पण ओरडावं लागतं.

विश्रामबाग_०७ (सांगली)

मी इंजिनिअरिंगला आहे, थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. कंपन्यांनी या एआयवर अफाट पैसा ओतलाय आणि आता वापरणारे किती हा आकडा त्यांना दाखवायचाय. मेन्यूत आत कुठंतरी ठेवलं तर कोण बघणार, म्हणून तुमचा अंगठा आधीपासनं जिथं जातो तिथंच आणून ठेवतात, पॉवर बटण, सर्चची जागा, कीबोर्ड. चुकून दाबलं तरी वापरला असंच मोजता येतं की. शिवाय पर्प्लेक्सिटी नावाचं एआय एअरटेलवाल्यांना वर्षभर फुकट, जिओवाल्यांना जेमिनाय १८ महिने, चॅटजीपीटीचा गो प्लॅनही भारतात वर्षभर फुकट, हे सगळं २०२५ च्या जुलै ते नोव्हेंबरात आलं. २०१६ ला डेटा फुकट मिळाला तेव्हा आपण सगळे रांगेत होतोच. तर हे जाणार नाही. अण्णांनी थोडं शिकून घेतलं तर त्यांनाच सोपं पडेल असं मला वाटतं.

हळदीचा_हिशोब (सांगली)

@विश्रामबाग_०७ राग नाही रे दादा, पण एक सांगते. अण्णा २०१७ ला जीएसटी शिकले, वयाच्या पासष्टीत. यूपीआय शिकले, आता हमालाची मजुरीसुद्धा त्यावरनंच देतात. शिकायला ना कधीच नव्हती. पण जे शिकलं ते रात्रीतनं कुणी न विचारता बदलतंय, मग शिकायचं किती वेळा? आमच्या काट्याचं माप जर कुणी रात्रीत येऊन बदललं असतं तर आम्ही त्याला सवय होईल म्हणलो असतो का?

दावण्या_भुरी (तासगाव)

मी या एआयच्या बाजूनं बोलणार हाय, दगडं मारू नका. द्राक्षबाग हाय तीन एकर. ऑक्टोबर छाटणीनंतर पानावर डाग दिसला, रात्री दहाला कुणाला विचारणार, फोटो काढून एआयला टाकला. हा दावण्या रोग म्हणला, पानामागं पांढरी बुरशी बघा म्हणला, बघितलं तर होती. औषध मात्र त्यानं सांगितलेलं मारलं नाही, सकाळी आमच्या सल्लागाराला दाखवलं, त्यानं रोग तोच सांगितला पण औषधाचं प्रमाण वेगळं सांगितलं. म्हणजे निम्मं काम झालं, निम्मं माणसानं केलं, मला चालतंय.

पण मी त्याच्याकडं गेलो होतो की, मला गरज होती. आपण होऊन पारावर जाऊन विचारणं वेगळं, आणि कुणीतरी न बोलवता घरात येऊन आपल्या ताटातलं उचलून "हे खा" म्हणणं वेगळं. वहिनींचं दुसऱ्यातलं हाय.

गावभागातला (सांगली)

याचा लई वाईट अनुभव पुराच्या वेळचा. पावसाळ्यात धरणातनं पाणी सोडलं की आमच्या भागात सगळ्यांचा एकच प्रश्न, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, इथल्या शेंबड्या पोरालापण पाठ आहे, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं तेव्हा आमचा खालचा मजला गेला. तर आईनं फोनवर पातळी शोधली, आणि वर एआयचा जो चौकोन येतो त्यानं सरळ बावन्न फूट सांगून टाकलं. तारीखबिरीख काही नाही. आई एकटीच होती घरात, तिनं धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेतले, सिलिंडर ओढत जिन्यापर्यंत नेला, शेजारणीला उठवलं. मी ऑफिसमधनं फोन केला तेव्हा पातळी तिशीच्या आसपास होती. घरी येऊन त्या चौकोनाखालची बातमी उघडली तर ती २०२१ ची.

शब्द बरोबर, आकडा बरोबर, साल चार वर्षांपूर्वीचं. पुराच्या गावात याला चूक नाही म्हणत, याला अफवा म्हणतात. माणसानं पसरवली असती तर पोलिसांनी उचलला असता. कुठल्या सर्चचं ते सांगत नाही, तुमच्या फोनात जे असेल त्यावर तारीख बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका एवढंच. आईला आता जिल्हा प्रशासनाची पातळी येते त्या ग्रुपात घातलंय.

चार_चौकटी (सातारा)

वकील नाही, पण बँकेत असल्यानं हे वाचावं लागतं म्हणून लिहितो. आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात संमती मोकळेपणानं आणि कशासाठी ते कळून दिलेली असली पाहिजे असं आहे, आणि संमती देणं जेवढं सोपं तेवढंच काढून घेणं सोपं असलं पाहिजे. अजून एक, जी कुणालाच माहीत नसते, ती संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागणार, म्हणजे मराठीत. अण्णा हक्कानं मागू शकतील. फक्त नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि कंपन्यांना यातल्या मुख्य गोष्टींसाठी १८ महिने दिलेत, म्हणजे २०२७ चा उन्हाळा उजाडणार.

आणि आपल्याकडं कुणी ओरडत नाही असं नाही. व्हॉट्सॲपनं २०२१ ला नवीन धोरण मान्य करा नाहीतर ॲप सोडा असं केलं होतं, त्यावर स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोकला. पुढं अपिलं वगैरे चालू राहतात, पण "घ्या नाहीतर जा" याला दंड होऊ शकतो हे तरी कळलं. तयार उत्तराचं बटण चुकून दाबलं गेलं हे मात्र या कायद्यात कुठं बसेल असं मला दिसत नाही, तो डेटाचा प्रश्न नाही, तो कुणाच्या तोंडात शब्द घालायचा प्रश्न आहे.

हळदीचा_हिशोब (सांगली)

सगळ्यांचे आभार. पॉवर बटण झालं, दोन मिनिटांचं काम. तयार उत्तरं पहिल्यांदा एकाच ठिकाणी बंद केली आणि पोवईनाका दादांना मनात शिव्या घातल्या, मग परत वाचलं, ॲपच्या आतलं राहिलं होतं. व्यापाऱ्यांच्या ग्रुपला ती प्रायव्हसी लावली, तर ग्रुपातले दोघं विचारायला लागले की काय लपवताय. चांदणी काही जात नाही, सगळं शोधलं.

काल त्याच व्यापाऱ्याचा परत मेसेज आला. अण्णांनी चष्मा लावला, फोन दोन्ही हातांनी धरून वाचला, खाली काही नाही बघून घेतलं आणि फोन माझ्याकडं सरकवला. म्हणाले, तूच लाव फोन, मी बोलतो. १४,६०० ला गेली सगळी पोती. नवऱ्यानं हा धागा वाचला, काही बोलला नाही, आपल्या फोनातलं बटण मात्र बदलून घेतलं माझ्याकडनं.

पोवईनाका_मोबाईल (सातारा)

चांदणी त्या कीबोर्डात जातच नसेल तर कीबोर्डच बदलायचा, मराठीचे साधे कीबोर्ड पण मिळतात, चांगला बघून देतो. कधी साताऱ्याला आलात तर फोन घेऊन या, पैसे नकोत, येताना अर्धा किलो हळद आणा. दळलेली, घरची.