ख्मेर पालखीचा ब्राँझचा आकडा आणि नागफणीची टोपी: कुठे बसतात?

प्रश्न:
बाराव्या-तेराव्या शतकातल्या दोन ख्मेर (म्हणजे आजच्या कंबोडियातल्या) ब्राँझ वस्तूंचे फोटो पाहतो आहे. एक आकडा, त्यावर नागफण्या आणि माथ्यावर कडी. दुसरा टोपीसारखा पाच फण्यांचा नाग, मागे पोकळ नळी. दोन्हींखाली ‘पालखीचा भाग’ एवढंच लिहिलंय. हे दांड्यावर नेमके कुठे बसतात? नळीवाला तुकडा रथाचा असू शकेल का?

उत्तर 1:
आधी आपली पालखी डोळ्यांपुढून बाजूला काढा. तिथली म्हणजे दांड्याला टांगलेली झोळी. 1296-97 मध्ये ख्मेर राजधानी अंगकोरला राहिलेला चिनी दूतमंडळातला झोउ दागुआन तिचं वर्णन करतो: मध्ये वाकवलेला एकसंध लाकडी दांडा, टोकं वर वळलेली, फुलांचं कोरीवकाम, वरून सोनं किंवा चांदी. दोन्ही टोकांपासून फूटभर आत एकेक आकडा आणि त्यांना दोरीने बांधलेलं जाड घडीचं कापड. म्हणजे दांड्यामागे आकडे दोनच.

आकड्याच्या वळणाची आतली बाजू नीट पाहा. सगळा भार तिथे, त्यामुळे वापरातल्या आकड्यावर दोरीने गुळगुळीत झालेला खोलगट पट्टा हवा. नळीत दांड्याचं टोक शिरतं. नळीला आडवं भोक असेल तर ते खिळ्याचं. पण अंगकोर वाट या मंदिराच्या शिल्पपटांत रथांवरही नाग आहेत. तेव्हा नुसत्या नळीवरून ‘पालखी’ म्हणणं घाईचं, माझ्या मते लेबल इथे कमी पडतं.

उत्तर 2:
ओतकामाचा फरकही बघा. नळीसाठी आधी मातीचा गाभा, त्यावर मेण, मेणावर फण्यांचं कोरीवकाम. मग अगदी बारीक मातीचा पातळ लेप, वर जाडाभरडा थर, वितळलेल्या ब्राँझचा रस ओतायला आणि हवा सुटायला वाटा. तापवून मेण काढायचं आणि गरम साच्यातच रस ओतायचा. गाभा सरकला तर नळीची एक बाजू कागदासारखी पातळ पडते. साचा थंड असेल तर रस फण्यांच्या टोकांपर्यंत पोचायच्या आतच थिजतो. आकडा मात्र भरीव हवा, पोकळ आकडा भाराने फाकेल.

ब्राँझमध्ये (म्हणजे तांबं आणि कथील) शिसं घातलं की रस पातळ वाहतो, नक्षी स्वच्छ उठते. पण शिसं तांब्यात विरघळत नाही, त्याचे कण वेगळे राहतात. पाऱ्यात कालवलेल्या सोन्याचा मुलामा तापवताना तेच नडतात, सोन्यावर डाग उमटतात.

प्रश्नकर्ता:
नळीच्या कडेला फिक्या हिरव्या पुडीचे ठिपके आहेत. जुनेपणाची खूण समजायची का?

उत्तर 3:
गुळगुळीत, घट्ट बसलेला गडद हिरवा थर असता तर चिंता नव्हती. फिकट आणि भुसभुशीत पूड बहुधा क्लोराईडची, म्हणजे क्षारामुळे होणाऱ्या गंजाची: ओल मिळाली की धातू खात आत जाते. नळीत ती जास्त, कारण गाभ्याची माती ओल धरून ठेवते. वस्तू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना कळवा. पाण्याने धुऊ नये, लिंबू-चिंच तर लावूच नये. सिलिका जेलसह (ओल शोषणाऱ्या दाण्यांसह) बंद डब्यात आर्द्रता 40 टक्क्यांखाली ठेवून ती संवर्धकाकडे (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्यावी. आतली माती खरवडू नका, गाभा कशाचा होता ते तीच सांगते.