जुन्या, बसक्या घरांच्या शहरात टॉवरला परवानगी द्यावी का?

कोनाडा (धागाकर्ता):
माझं मत आधीच सांगून टाकतो, शहराच्या जुन्या गाभ्यात नको. आजूबाजूला पाच-सहा मजली वस्ती असताना मधेच कुणीतरी तीस मजले चढवले की ते फक्त त्या प्लॉटपुरतं राहत नाही, अख्ख्या शहराला रोज ते बघावं लागतं, आणि पैसे मात्र एकालाच मिळतात. पॅरिसमध्ये १९७३ ला २१० मीटरचा माँपार्नास टॉवर झाला, लोक इतके भडकले की १९७७ मध्ये शहरात ३७ मीटरची मर्यादा आली. मधे कडेच्या काही भागांत १८० मीटरपर्यंत सूट दिली होती, २०२३ मध्ये परत ३७ वर आले. मर्यादा आली तरी तो टॉवर आहे तिथेच आहे.

भाडेकरू:
सपशेल असहमत. धागाकर्ते, तुमच्या लेखात घरभाडं हा शब्दच नाहीये!! क्योटोचं बघा, २००७ मध्ये मधल्या भागातली मर्यादा ४५ वरून ३१ मीटरवर आणली, गल्ल्यांमध्ये तर १५. शहर देखणं राहिलं, मान्य, पण घरं परवडेनात म्हणून तरुण जोडपी शेजारच्या शिगा प्रांतात राहायला जायला लागली आणि शेवटी २०२३ मध्ये पालिकेलाच काही भागांत नियम सैल करावे लागले. वॉशिंग्टनला १९१० पासून उंचीचा कायदा आहे, समोरचा रस्ता जेवढा रुंद त्यापेक्षा फार तर २० फूट जास्त. झालं काय, तर टॉवर नदीपलीकडे व्हर्जिनियात रॉसलिनला उभे राहिले. म्हणजे माणसं कामाला येणारच, फक्त रोज पूल ओलांडून येणार.

कोनाडा:
@भाडेकरू, क्योटोने नियम कुठे सैल केले तेही सांगा ना. स्टेशनच्या दक्षिणेला आणि बाहेरच्या बाजूला, जुन्या गाभ्यात नाही. मी तेच म्हणतोय. वॉशिंग्टनमध्ये तर कितीतरी भागांत एकेकटी बंगलेवजा घरंच आहेत, कायद्याने जेवढी उंची चालते तिच्या जवळपासही नाहीत. तिथे आधी चार मजले करू द्या की, लगेच टॉवरच कशाला.

मोजपट्टी:
उंची वाढली की माणसं जास्त मावतात हे सगळे गृहीत धरून चाललेत, त्यावर थोडं. पॅरिस बहुतेक सगळं सहा-सात मजली आहे, तरी चौरस किलोमीटरला २० हजारांच्या आसपास लोक राहतात, टॉवरवाल्या कित्येक शहरांपेक्षा जास्त. कारण तिथे घरं भिंतीला भिंत लावून आहेत. टॉवरला चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते, पार्किंग लागतं, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट-जिने-डक्ट यात बरीच जागा जाते. आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त असतो असं कुठे ऐकलंय का कुणी? देखभालीचा खर्चच इतका येतो की ज्यांच्यासाठी आपण भांडतोय त्यांना तो झेपणारच नाही.

पायाभरणी:
मोजपट्टी +१. माझं क्षेत्र बांधकामाचं आहे म्हणून जमिनीखालचं सांगते, त्याबद्दल कुणीच बोलत नाही. टॉवर म्हणजे दोन-तीन तळघरं, त्यासाठी खोल खड्डा, आणि खड्डा कोरडा ठेवायला सतत पाणी उपसणं. शेजारची जुनी घरं चुन्यात बांधलेली, पाया उथळ. भूजल खाली गेलं की माती दबते आणि भिंतींना तिरक्या चिरा पडतात. अ‍ॅमस्टरडॅमसारख्या ठिकाणी तर घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, ते पाण्यात बुडालेले असेपर्यंत टिकतात, उघडे पडले की कुजायला लागतात. शिवाय आग. अग्निशमनाच्या नेहमीच्या शिड्या ३० मीटरच्या आसपास पोचतात, त्याहून लांब शिडीची गाडी अरुंद गल्लीत वळतच नाही.

भाडेकरू:
आगीचा मुद्दा उलटा आहे ताई. नव्या इमारतीत स्प्रिंकलर असतात, सुटकेचा वेगळा जिना असतो. जुन्या लाकडी जिन्याच्या घरात काय असतं? आम्ही अशाच घरात राहतो, पावसाळ्यात भिंत हाताला ओली लागते, मालक दुरुस्ती करत नाही कारण भाड्यात परवडत नाही, आणि वारसा म्हणून पाडूही देत नाहीत. बाहेरून फोटो काढणाऱ्यांना ते सुंदर दिसतं. आत राहणाऱ्याला कुणी विचारलंय?

पायाभरणी:
तुमचा राग पटतो. पण तिथे टॉवर झाला तर त्यात तुम्ही असाल का? दुरुस्तीला सरकारी पैसा हवा, हे मी तुमच्याबरोबर उभं राहून मागेन.

क्षितिज:
मधला मार्गही निघतो हो. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रल ठरावीक जागांवरून दिसलंच पाहिजे असे नियम १९३० च्या दशकापासून आहेत, म्हणून तर लेडनहॉल बिल्डिंग या टॉवरची एक बाजू तिरकी उतरती केलीय. पॅरिसचे टॉवर ला देफाँसला, शहराच्या हद्दीबाहेर. सेंट पीटर्सबर्गला गॅझप्रॉम या रशियन गॅस कंपनीचा टॉवर ऐतिहासिक भागासमोर येणार होता, प्रचंड विरोध झाला, शेवटी लांब लाख्ताला हलवला. आज तो ४६२ मीटर आहे, म्हणजे उंचीचं काही अडलं नाही, जागा तेवढी बदलली.

कोनाडा:
क्षितिज, लाख्ताचं उदाहरण एकदम चपखल. मला भीती 'फक्त एकच' या शब्दांची वाटते, कारण एकाला दिली की शेजारचा तीच परवानगी दाखवून कोर्टात जातो. व्हिएन्नाचा गाभा २०१७ मध्ये युनेस्कोच्या धोक्यातल्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला तो एका उंच इमारतीच्या प्रकल्पामुळेच. लिव्हरपूलचा तर वारसास्थळाचा दर्जाच २०२१ मध्ये काढून घेतला, बंदरावरच्या नव्या बांधकामांमुळे.

भाडेकरू:
ठीक आहे, गाभा सोडा. मग गाभा कुठे संपतो ते आधी नकाशावर आखा आणि त्या रेषेबाहेर लगेच, मेट्रो-बससकट, उंच बांधू द्या. दरवेळी बाहेर बांधायची वेळ आली की तिथलेही लोक आमचा परिसर ऐतिहासिक म्हणत उभे राहतात, आणि घरं कुठेच होत नाहीत.

कोनाडा:
रेषा आधी आखायची, एकदम मान्य. आणि आतल्या घरांच्या दुरुस्तीचा पैसा बाहेरच्या टॉवरच्या परवानगी शुल्कातूनच घ्यायचा, हे त्याच ठरावात लिहून.