फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये लिनक्सचे वायफाय ड्रायव्हर थेट का घेता येत नाहीत?

प्रश्न
इंटेलच्या बहुतेक वायफाय कार्डांसाठी लिनक्समध्ये मुक्तस्रोत ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) वर्षानुवर्षे उपलब्ध आहे. तरीही फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत संगणकप्रणालीवर तीच कार्डे दीर्घकाळ जुन्या ८०२.११जी च्या वेगावर अडकून होती. कोड सर्वांसमोर असताना तो उचलून का घेता येत नाही? अडचण परवान्याची आहे, की मनुष्यबळाची? मला सी भाषा कामापुरती येते, कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, मात्र कधी हात घातलेला नाही. अशा माणसाने कुठून सुरुवात करावी, हेही सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद १
अडचण परवान्याचीही आहे, पण आपल्याला वाटते तिथे नाही. इंटेलच्या कार्डांसाठीच्या आयडब्ल्यूएलवायफाय या लिनक्स ड्रायव्हरवर जीपीएल (त्यावर बेतलेला, वितरित केलेला कोडही त्याच परवान्याखाली खुला ठेवण्याची अट घालणारा) आणि बीएसडी (अशी अट नसलेला) असे दोन्ही परवाने असल्यामुळे फ्रीबीएसडीला तो घेता येतो, आणि घेतलाही आहे. घोडे पेंड खाते ते पुढे. हा ड्रायव्हर पुष्कळशी कामे लिनक्सच्या मॅक८०२११ या, वायफायची सामाईक कामे करणाऱ्या थरावर सोपवतो आणि तो थर केवळ जीपीएलखाली असल्याने उचलता येत नाही. फ्रीबीएसडीचा स्वतःचा नेट८०२११ हा थर वेगळ्या गृहीतकांवर उभा असल्याने, मधल्या लिनक्सकेपीआय या थराला एकाची हाक दुसऱ्याला समजेल अशी फिरवून द्यावी लागते. कूटलेखनाच्या किल्ल्या कार्डाच्या हवाली केव्हा करायच्या, जोडणी तुटताना कोणती रचना आधी मोडायची, कोणते लॉक (एकाच वेळी दोघांनी तीच माहिती बदलू नये म्हणून घातलेला अडसर) हातात असताना कोणते फंक्शन बोलावता येते, या सर्वांत दोन्ही बाजूंचे मत जुळेलच असे नाही. म्हणूनच २०२२ मध्ये १३.१ आवृत्तीत आलेल्या या ड्रायव्हरला ८०२.११एन आणि ८०२.११एसी या अधिक वेगवान पद्धतींची जोड मिळायला २०२५ ची १४.३ आवृत्ती उजाडली.

प्रतिसाद २
वरील माहिती बरोबर आहे, पण हा मार्ग कायमचा उपाय आहे असे मला वाटत नाही. कर्नलच्या आतील इंटरफेस स्थिर ठेवण्याचे बंधन लिनक्स जाणीवपूर्वक पाळत नाही, त्यामुळे लिनक्सकेपीआयला त्याच्यामागे सतत धावावे लागते. याउलट ओपनबीएसडी या फ्रीबीएसडीच्या भावंड प्रणालीच्या ६.७ आवृत्तीत प्रथम आलेला आणि आता फ्रीबीएसडीच्या १५.० मध्ये दाखल झालेला आयडब्ल्यूएक्स हा ड्रायव्हर नेट८०२११ शी थेट बोलतो, आटोपशीर आहे आणि एका माणसाला वाचून समजू शकतो. नव्या पिढीच्या कार्डांची भर आपल्यालाच घालावी लागते, ही त्याची किंमत. शिवाय फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा कोड, दोन्ही मार्गांत उत्पादकाचेच, बंदिस्त असते.

प्रतिसाद ३
दोन्ही ड्रायव्हर राहतील असे दिसते, तेव्हा प्रश्नकर्त्याच्या शेवटच्या मुद्द्याकडे वळतो. पीसीआयकॉन्फ या आज्ञेने कार्डाचे उत्पादक व उपकरण क्रमांक पाहून घ्या, चाचणीसाठी वेगळ्या डिस्कवर विकासशाखेची प्रतिमा बसवा आणि कार्ड अडखळल्यास कर्नलचा संदेशलेख, ॲक्सेस पॉइंटची सुरक्षापद्धत व नेमकी आवृत्ती यांसह दोषनोंद करा. ‘वायफाय चालत नाही’ एवढ्या नोंदीवर कोणालाही काही करता येत नाही. आधी चालणारे कार्ड नंतर बंद पडले असेल, तर गिट बायसेक्ट (बदलांची यादी दर वेळी अर्ध्यावर तपासत जाणारी आज्ञा) चालवून दोषी बदल शोधून देणे हे कर्नलचा अनुभव नसलेल्या माणसालाही जमते, फक्त चिकाटी लागते. वायफायबॉक्स वापरून, म्हणजे फ्रीबीएसडीच्या बीहाइव्ह या साधनाने बनवलेल्या आभासी यंत्रात लिनक्स चालवून आणि कार्ड त्याच्याकडे सोपवून, वेळ भागते. परंतु त्या काळात फ्रीबीएसडीच्या ड्रायव्हरची चाचणी त्या यंत्रावर होतच नाही.