मानेचा एमआरआय नॉर्मल आलाय पण कवटीखालचे लिगामेंट त्यात दिसतेत का?

परळीकर: नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची गाडी सात महिन्यांखाली केजजवळ रात्री स्पीडब्रेकरवर उडाली, हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण तवापासून मान वरच्या बाजूनं, म्हणजे कवटी जिथं मानेला टेकते ना तिथंच दुखायलीय, डावीकडं वळवली की कळ थेट डोक्यात जाते. एमआरआय केला, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणायलेत स्नायू आखडलेत, पट्टा लावा. आता एका नातेवाइकानं सांगितलं की वरच्या मणक्यांचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, तुटले तर साध्या एमआरआयमधे कळतच नाहीत, वेगळा काढावा लागतो. हे खरंय का? पुन्हा पैसे घालायचे तर नीट माहिती पाहिजे, पोरगं मजुरीवर जाणारंय.

फिल्मवाला_लातूर: दादा मी तेरा वर्षं मशीनवरच आहे. नातेवाईक अर्धं बरोबर सांगायलेत. चिठ्ठीवर नुसतं सर्व्हायकल स्पाइन, म्हणजे मानेचे मणके, लिहिलेलं असलं की आम्ही बाजूनं 3 मिमीचे काप घेतो आणि आडवे काप बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामधल्या गादीपासून खाली, कारण बहुतेकांचा त्रास खालच्या गाद्यांचा असतो. म्हणजे तुमच्या भावाचं जिथं दुखतंय तिथले आडवे फोटो बहुतेक निघालेच नसतील. फिल्म खिडकीला धरा, कोपऱ्यात मानेचा एक छोटा फोटो असतो, त्यावर आडव्या रेघा मारलेल्या असतेत, सगळ्यात वरची रेघ कुठंय ते सांगा.

जात्याच्या खालच्या तळीतला खिळा जसा वरच्या तळीच्या भोकात बसतो तसा दुसऱ्या मणक्याचा सुळका पहिल्याच्या कड्यात असतो. त्याला मागून धरून ठेवणारा आडवा पट्टा म्हणजे ट्रान्सव्हर्स लिगामेंट, आणि सुळक्यापासून दोन्ही बाजूंनी कवटीकडं जाणारे ते एलर, मान जास्त वळू नये म्हणून. बारीक असतेत हो. त्यांच्यासाठी प्रोटॉन डेन्सिटी नावाच्या एमआरआयच्या प्रकारातले 2 मिमी किंवा त्याहून पातळ काप, तिन्ही बाजूंनी. डॉक्टरकडून चिठ्ठीवर क्रेनियोव्हर्टेब्रल जंक्शन (कवटी-मानेचा सांधा) आणि लिगामेंट हे शब्द लिहून घ्या, आणि अपघात कधी झाला तेबी. भावाला सांगा मान सरळ ठेवून हलू नको, डोकं थोडं जरी तिरपं झालं की डावा-उजवा एलर वेगळा दिसतो अन् उगाच शंका निघते.

नांदेडची_लेक: आमच्या आईला संधिवात आहे, आमवात म्हणतेत तो, वीस वर्षांपासून. तिच्या मानेत तो पट्टाच सैल झाला होता आणि आधी कळलं ते साध्या एक्स-रेवर! मान पुढं वाकवून एक अन् मागं करून एक. पुढं वाकवल्यावर पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि सुळका यातली फट मोठ्या माणसात 3 मिमीच्या आत पाहिजे, आईची जास्त निघाली. एमआरआयला माणूस निजलेला असतो, मान हलत नाही, म्हणून सरकणं लपून राहू शकतं. फक्त हा एक्स-रे डॉक्टरनं सांगितला तरच काढा आणि मान भावानं स्वतः वाकवावी, दुसऱ्यानं दाबू नये. आणि हात जोडून सांगते, मान मोडून देणाऱ्याकडं नेऊ नका. आईला आम्ही नेलं होतं, दुसऱ्या दिवशी तिच्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

उदगीरचा_डॉक्टर: वरचं दोन्ही बरोबर आहे पण दुसरी बाजू कुणीतरी सांगायलाच पाहिजे. नॉर्वेत याच एलर लिगामेंटवर बरंच काम झालं, आधी वाटलं की अपघातात मानेला झटका बसलेल्यांच्या लिगामेंटमधे पांढरट दिसतं म्हणजे इजा आहे, नंतर अपघात न झालेल्या लोकांचे फोटो काढले तर त्यांच्यातही तसंच पांढरट दिसलं. म्हणून नवीन रिपोर्टात सिग्नल वाढलाय असं आलं तर लगेच लिगामेंट तुटलं असं धरू नका. तुटलेलं टोक दिसणं, हाड सरकणं, फट वाढणं, हे वजनाचं. तपासून मगच ठरतं. पण हातापायाला मुंग्या, पकड ढिली, चालताना झोक जाणं, लघवीवर ताबा न राहणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका, त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडं जा. खरंच सरकत असेल तर उपाय आहे, पहिल्या-दुसऱ्या मणक्याला प्लेट-स्क्रूनं जोडायची पद्धत मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधून डॉ. अतुल गोयल यांनी 1994 मधे मांडली, आता जगभर वापरतेत. मात्र जोडल्यावर मान वळणं बरंच कमी होतं, कारण मानेचं जवळपास निम्मं वळणं याच दोन मणक्यांत असतं, त्यामुळं नुसत्या दुखण्यासाठी कुणी ऑपरेशन करत नाही.

परळीकर: सगळ्यांचे लई लई आभार. फिल्म पाहिली, सगळ्यात वरची रेघ दुसऱ्या मणक्याच्या खालीच आहे, वर एकबी नाही. मुंग्या नाहीत, भावाला शर्टाच्या गुंड्या लावायला सांगितल्या, पटापट लावल्या. आता जुनी सीडी घेऊन सोमवारी अंबाजोगाईला जातोय, आधी एक्स-रेचं विचारतो, मग चिठ्ठी. ताई, मान मोडायला परवाच नेणार होतो, ते रद्द.

फिल्मवाला_लातूर: सीडी न्याच, नुसता रिपोर्ट नका नेऊ. अन् एक्स-रेत काय निघालं ते इथं लिहा.